‘चेंज’ या शब्दाचे अर्थ

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द इतके साधे असतात कीं, ते शिकण्याची गरज आहे असें कोणासच वाटत नाहीं. ‘चेंज’ हा त्यांपैकींच एक होय. पांचवींतील मुलास त्याचा अर्थ विचारावा; तो हात वर करून ‘बदल, बदलणें’ असें तत्काळ सांगतो, आणि शिक्षकही ‘शाबास’ म्हणून पुढील शब्दाकडे वळतात. आम्हीही अनेक वर्षें असेंच करीत आलों. परंतु ज्या शब्दाचा अर्थ आपणांस पूर्णपणें ठाऊक आहे असें वाटतें, तोच शब्द प्रसंगीं फसवितो, हें एका विद्यार्थ्याच्या घरच्या दुखण्यानें आम्हांस शिकविलें. ती हकीकत प्रथम सांगतों. कारण या लेखाचें मूळ तिच्यांतच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं नववींत शिकणारा एक मुलगा आमच्या वर्गांत होता. घरांत इंग्रजी वाचणारा तो एकटाच. त्याच्या वडिलांस खोकल्याचा जुना विकार होता. कित्येक रात्री बसून काढाव्या लागत. शेवटीं शहरांतील एका डॉक्टरांस प्रकृति दाखविली. त्यांनीं तपासून औषध दिलें, आणि गांवच्या डॉक्टरांस देण्याकरितां चार ओळींची एक इंग्रजी चिठ्ठी दिली. गांवचे डॉक्टर नेमके त्या दिवसांत परगांवीं गेलेले. तेव्हां आईनें ती चिठ्ठी मुलापुढें ठेविली व म्हटलें, “बाळ, इतकीं वर्षें शाळेंत जातोस, बाबांना काय सांगितलें आहे तें तूंच वाचून सांग.” पहिल्या तीन ओळींचें अक्षर मुलास लागेना. शेवटची ओळ मात्र स्वच्छ होती: ‘अ चेंज विल डू हिम गुड.’ यांतील प्रत्येक शब्द त्यास येत होता. ‘बदल केल्यास बरें वाटेल,’ असा अर्थ त्यानें सांगितला. बदल कशांत करावयाचा? समोर औषधाची बाटली होती. औषधच बदलावयास सांगितलें आहे असें घरांत ठरलें. बाटली फडताळांत गेली, आणि कोणीं सुचविलेला एक काढा सुरू झाला.

तीन आठवड्यांनीं तो मुलगा वर्गांत डुलक्या घेऊं लागला. विचारतां कळलें कीं, बाबांचा खोकला वाढला असून त्यास रात्रीं जागावें लागतें. दुसऱ्या दिवशीं त्यानें ती चिठ्ठी आणून दाखविली. आम्हीं ती खिडकीपाशीं नेऊन लावून पाहिली. औषध चालूच ठेवावें असें पहिल्या ओळींतच होतें. आणि शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच कीं, रोग्यास हवापालटासाठीं कोठें तरी न्यावें. त्याच सायंकाळीं औषध पुन्हां सुरू झालें. पुढें महिनाभर बाबांना कोरड्या हवेच्या गांवीं त्यांच्या बहिणीकडे ठेविलें, आणि देवकृपेनें ते सुधारले. पण त्या दिवशीं तो मुलगा आमच्यासमोर उभा राहून म्हणाला, “सर, पांचवींत तुम्हींच शिकविलें होतें, चेंज म्हणजे बदल. मी दहा वेळां लिहून काढलें होतें.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. प्रस्तुत लेख हें तें उत्तर समजावें. दिलें आहे मात्र उशिरां.

आतां शब्दाकडे वळूं. ‘चेंज’ हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें, व त्यांच्यामागून फ्रेंच भाषेंतील शेंकडों शब्द इंग्रजींत शिरले. त्यांतच पुढें हाही आला. त्यापूर्वीं इंग्रजांच्या जुन्या बोलींत वळणें, पालटणें या अर्थीं ‘वेंडन’ असें क्रियापद होतें. आज ‘गो’ चें भूतकाळाचें रूप म्हणून मुलें जें ‘वेंट’ पाठ करतात, तें त्याच घराण्यांतील आहे. फ्रेंचांकडे ‘चेंज’ आला तो लॅटिन भाषेंतील ‘काम्बिआरे’ या शब्दापासून, आणि त्या शब्दाचा अर्थ होता, एक वस्तु देऊन तिच्या मोबदल्यांत दुसरी घेणें. म्हणजे या शब्दाचा जन्म बाजारांत झाला आहे. मनाचा पालट, हवेचा पालट, हे अर्थ त्यास मागाहून आले. प्रथम होती ती देवघेव.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण ज्या ‘बदल’ शब्दानें ‘चेंज’ चा अर्थ सांगतों, तोही मूळचा मराठी नव्हे. तो अरबी आहे, व फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याचाही मूळ अर्थ एकाच्या जागीं दुसरें, ऐवज, अदलाबदल असाच. ‘मोबदला’ हा शब्द त्याच मुळापासून निघाला, ‘बदली’ त्याचाच, आणि ‘त्याबद्दल’, ‘याबद्दल’ असें आपण दिवसांतून दहा वेळां म्हणतों, तो ‘बद्दल’ही त्याचाच भाऊ. दोन दूरदूरच्या भाषांनीं पालट दाखविण्यासाठीं परक्यांकडून शब्द घेतला, आणि दोघींनींही तो बाजारांतूनच घेतला. मनुष्यास पालटाची पहिली स्पष्ट ओळख बहुधा तेथेंच पटत असावी: हातांतील एक वस्तु जाते व दुसरी येते.

या मुळापासून ज्या शाखा फुटल्या त्या पुष्कळ आहेत. परंतु विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं आम्ही त्यांचे तीन वर्ग करतों. पहिल्यांत वस्तूचें रूप पालटतें, पण मोल तेंच राहतें. दुसऱ्यांत एका वस्तूच्या जागीं दुसरी येते. तिसऱ्यांत वस्तु तीच राहते, पण तिच्या अंगींच फरक पडतो. हे तीन वर्ग ध्यानांत ठेवले तर या शब्दाच्या बहुतेक गांठी सुटतात.

पहिल्या वर्गाचें उत्तम उदाहरण पैशांचें. आपण शंभरांची नोट देऊन दहादहांच्या दहा नोटा घेतों. हातांतील कागद निराळा झाला, पण श्रीमंती कमी झाली नाहीं कीं वाढली नाहीं. अशा सुट्या पैशांस इंग्रजींत नुसतें ‘चेंज’ म्हणतात. मराठींत यास ‘मोड’ असा फार चांगला शब्द आहे. इंग्रज माणूस रुपया पालटतो, आपण तो मोडतों. चिल्लर, खुर्दा, सुटे हीं त्याच वस्तूचीं आणखी नांवें. याच अर्थाला लागून दुसरा एक अर्थ आहे: आपण वीस रुपयांच्या जिनसेसाठीं पन्नासांची नोट दिली असतां दुकानदार जे तीस रुपये परत करतो, तेही ‘चेंज’च. म्हणून ‘कीप द चेंज’ याचें भाषांतर ‘बदल ठेवा’ असें करूं नये; ‘उरलेले पैसे तुमच्यापाशींच राहूं द्या,’ असा त्याचा अर्थ आहे.

पैसे पालटून देणें हा प्राचीन धंदा आहे. ‘सराफ’ हा अरबी शब्द मुळांत अशाच माणसाचा वाचक. सोन्याचांदीचा व्यापारी हा अर्थ त्यास पुढें चिकटला. प्रभु येशूनें यरुशलेमच्या मंदिरांत ज्यांचे चौरंग उलथून टाकले तेही असेच सराफ होते. मंदिराचा कर सोर शहराच्या नाण्यांतच भरावा लागे. म्हणून देशोदेशींच्या यात्रेकरूंस आपापलीं नाणीं पालटून घेणें भाग पडे. लंडन शहरांत व्यापाऱ्यांनीं एकत्र जमून व्यवहार करावा म्हणून टॉमस ग्रेशॅम यानें एक मोठी इमारत बांधविली, व ती १५७१ सालीं एलिझाबेथ राणीनें ‘रॉयल एक्स्चेंज’ या नांवानें खुली केली. लोक तिला थोडक्यांत ‘चेंज’ म्हणूं लागले. याच ‘एक्स्चेंज’ शब्दाचा वापर पुढें शेअरबाजारासाठीं झाला. मुंबईंत अशा दलालांची संस्था १८७५ सालीं स्थापन झाली, आणि दलाल स्ट्रीट हें नांव आज सर्वांच्या परिचयाचें आहे.

आपल्या देशांत तर मोडीचीच मोड एकदां पालटली. १ एप्रिल १९५७ पूर्वीं रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, किंवा एकशेंब्याण्णव पया होत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. रुपया जेवढ्यास तेवढाच राहिला. त्याचे तुकडे पाडण्याची रीत मात्र निराळी झाली. पुढें वस्तूंचे भाव चढत गेले, आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं चलनांतून अजीबात गेलीं. तरीही कोणत्याही किंमतीची नोट मोडली असतां तिचें मोल मोडत नाहीं, हा नियम कायम आहे, व तोच या वर्गाची खूण होय.

दुसरा वर्ग अदलाबदलीचा. ‘चेंज युअर क्लोद्झ’ म्हणजे अंगावरील कपडे उतरून दुसरे घाला. कपडे स्वतः बदलत नाहींत. सदरा सदराच राहतो. रेल्वेनें प्रवास करणारास ‘चेंज अ‍ॅट मनमाड’ असें सांगितलें तर एका गाडींतून उतरून दुसरींत बसावें असा अर्थ. येथें इंग्रजींत गाडी हा शब्दही येत नाहीं. मराठींत मात्र तो घातल्यावांचून वाक्य उभें राहत नाहीं. शब्द आलाच तर तो ‘चेंज ट्रेन्स’ असा अनेकवचनीं येतो. एका मुलानें आम्हांस विचारलें, “मनुष्य एका वेळीं एकाच गाडींत बसतो, मग अनेकवचन कशाला?” प्रश्न मार्मिक होता. अदलाबदल एकट्यानें होत नसते. तीस एक सुटलेली व एक धरलेली अशा दोन गाड्या लागतात. ‘चेंज प्लेसेस’ म्हणजे दोघांनीं परस्परांच्या जागा घेणें, येथेंही अनेकवचनाचें कारण हेंच. ‘द हाउस चेंज्ड हँड्स’ या वाक्याचें भाषांतर एका वहींत ‘घरानें हात बदलले’ असें आम्हांस मिळालें होतें! घर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेलें, म्हणजे त्याची मालकी बदलली, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा वर्ग सर्वांत खोल. येथें वस्तूच्या जागीं दुसरी वस्तु येत नाहीं. तीच वस्तु आंतून निराळी होते. शास्त्राच्या पुस्तकांत भौतिक बदल व रासायनिक बदल असे दोन प्रकार सांगितलेले असतात. बर्फाचें पाणी होतें, पण तें पुन्हां गोठवितां येतें. दुधास विरजण लावून दहीं झालें कीं त्या दह्याचें पुन्हां दूध करतां येत नाहीं. हे दोन्ही ‘चेंज’च, परंतु पहिल्यांत पाण्याचें पाणीपण टिकतें, दुसऱ्यांत दुधाचें दूधपण जातें. चौदापंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज ‘चेंज’ होतो. त्याच्या कंठांतील स्वरतंतु लांब व जाड होतात, म्हणून आवाज खालच्या पट्टींत उतरतो. मराठी भाषा यास ‘आवाज फुटणें’ म्हणते. याच वयाच्या मुलांस इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत ‘चेंज द व्हॉइस’ अशी आज्ञा भेटते. तेथें मात्र कंठाचा कांहीं संबंध नसून कर्तरि प्रयोगाचा कर्मणि प्रयोग करावयाचा असतो.

‘चेंज वन्स माइंड’ म्हणजे आधींचा विचार सोडून दुसरा धरणें. हें अजून दुसऱ्या वर्गाच्या जवळ आहे, कारण विचार हा कपड्यासारखा सकाळीं एक व सायंकाळीं एक असा घालतां येतो. ‘चेंज ऑफ हार्ट’ म्हणजे मात्र मनाची सारी ओढच पालटणें. नवा करार मूळ ज्या ग्रीक भाषेंत लिहिला गेला तींत यासाठीं ‘मेतानोइया’ असा शब्द आहे. आपण त्यास ‘पश्चात्ताप’ म्हणतों. दोन्ही शब्दांची फोड करून पाहावी. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. आपला शब्द त्या वेळच्या वेदनेकडे पाहतो. मेतानोइया म्हणजे मन पालटणें. ग्रीक शब्द त्या वेदनेनंतर जें घडावें त्याकडे पाहतो. एकच गोष्ट, पण एका भाषेनें तिची एक बाजू धरली व दुसरीनें दुसरी. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हे तीन वर्ग ओळखावे कसे? शब्द तर तिन्ही ठिकाणीं एकच असतो. याचें उत्तर असें कीं, इंग्रजी भाषा मोठ्या शब्दांच्या भोंवतीं लहान लहान शब्द पेरून ठेवते, व खरी खूण त्यांतच असते. मुलें मोठे शब्द पाठ करतात आणि लहान शब्दांवरून उडी मारून जातात. यास्तव अशा दोन खुणा येथें देतों.

पहिली खूण ‘अ’ या एकाक्षरी शब्दाची. ‘हॅव यू चेंज?’ म्हणजे तुमच्यापाशीं सुटे पैसे आहेत काय? ‘हॅव यू अ चेंज?’ असें म्हटलें कीं पैसे गेले. आतां प्रश्न बहुधा कपड्यांच्या दुसऱ्या जोडाविषयीं असतो. पावसांत भिजून आलेल्या पाहुण्यास कोणी हा प्रश्न केला व पाहुण्यानें खिशांतील चिल्लर काढून दाखविली, तर दोष त्या एका अक्षराकडे दुर्लक्ष करण्याचा आहे.

दुसरी खूण ‘ऑफ’ आणि ‘इन’ यांची. ‘देअर हॅज बीन अ चेंज ऑफ हेडमास्टर’ याचा अर्थ, जुने मुख्याध्यापक गेले व त्यांच्या जागीं नवे आले. ‘देअर हॅज बीन अ चेंज इन द हेडमास्टर’ याचा अर्थ, मुख्याध्यापक तेच आहेत, पण त्यांचा स्वभाव पालटला. पूर्वीं रागीट होते, आतां शांत झाले, किंवा उलट! ‘ऑफ’ सामान्यतः अदलाबदल दाखवितो. ‘इन’ अंगच्या पालटाकडे बोट करतो. ‘सामान्यतः’ असें आम्ही म्हणतों, कारण वर आलेला ‘चेंज ऑफ हार्ट’ या नियमास जुमानीत नाहीं. आणि भाषेचे नियम थोडीशी सूट ठेवूनच शिकावे हें बरें. परंतु दहांपैकीं आठ ठिकाणीं हा नियम विद्यार्थ्यास तारील.

‘चेंज’ चे कांहीं शेजारीही ओळखून ठेवावे. ‘ऑल्टर’ हा शब्द आपल्या शिंप्यांच्या तोंडीं नेहमीं असतो. कोट अंगास सैल झाला म्हणून शिंपी तो आंत घेतो, हें ‘ऑल्टर’ करणें. धनी तो कोट उतरून दुसरा घालतो, हें ‘चेंज’ करणें. ‘रिप्लेस’ म्हणजे फुटलेल्या कांचेच्या जागीं नवी कांच बसविणें. ‘एक्स्चेंज’ म्हणजे दोघांनीं परस्परांस देणें व घेणें. ‘कन्व्हर्ट’ म्हणजे एका रूपाचें वा मापाचें दुसरें करणें, जसें मैलांचे किलोमीटर. या प्रत्येकास ‘बदलणें’ म्हटलें तरी चालतें; पण चालतें आणि शोभतें यांत अंतर आहे.

आतां आपल्या मायबोलीकडे पाहूं. ‘चेंज’ या एका शब्दाचें काम करण्यास मराठींत किती माणसें उभीं आहेत तें पाहिलें कीं आश्चर्य वाटतें. नोटेची मोड, नोकराची बदली, हवेचा हवापालट, जिभेचा रुचिपालट, शेतांतील पिकांची फेरपालट, नांवाचें नामांतर, वेषाचें वेषांतर, भाषेचें भाषांतर, मताचें मतपरिवर्तन. पालखीचे भोई ओझें एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतात, त्यावरून ‘खांदेपालट’ असा शब्द झाला, व आज मंत्रिमंडळांतील फेरबदलासही वर्तमानपत्रें तोच लावतात. इतके नेमके शब्द घरांत असतांना आमचीं मुलें सर्वत्र एकच ‘बदल’ फेकतात, आणि पुष्कळ वेळां तोही न वापरतां ‘चेंज केलें’ असेंच म्हणतात. याचा दोष मुलांस देणें अन्यायाचें होईल. शब्दाचा एकच अर्थ फळ्यावर लिहून त्याखालीं रेघ ओढणारे आम्ही शिक्षकच याचे मूळ धनी आहों.

कोश पाहण्याची रीतही येथेंच सांगून ठेवतों. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी व इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति झाली. त्यांनींच आरंभलेला इंग्रजी व मराठी कोश कँडीसाहेबांच्या हातून १८४७ सालीं पुरा झाला. अशा कोशांत एका शब्दापुढें अर्थांची रांग लागलेली असते. ती शोभेसाठीं नसते. जो विद्यार्थी त्या रांगेंतील पहिलाच शब्द उचलून कोश मिटतो, तो दुकानांत शिरून पहिलीच वहाण पायांत घालून बाहेर पडणाऱ्यासारखा होय. शब्द वाक्यांत घालून पाहावा. टोचला तर पुढील शब्द घ्यावा.

या सर्वांचें सार तीन प्रश्नांत येतें. ‘चेंज’ हा शब्द भेटला कीं थांबून विचारावें: काय पालटतें? त्याच्या जागीं दुसरें येतें, कीं तेंच निराळें होतें? आणि कायम काय राहतें? आतां ती चिठ्ठी पुन्हां वाचूं. ‘अ चेंज विल डू हिम गुड.’ काय पालटावयाचें? वाक्यांत औषधाचें नांव नाहीं. ‘हिम’ म्हणजे रोगी मनुष्य आहे. ‘अ’ हें अक्षर आहे, म्हणून पैशांचा प्रश्न नाहीं. नुसता ‘अ चेंज’, व तो माणसास हितकर, असें इंग्रजींत म्हटलें म्हणजे नेहमींचें ठिकाण, नेहमींची हवा, नेहमींची दिनचर्या यांपासून कांहीं काळ पालट, असा अर्थ रूढ आहे. आणि कायम काय राहावयाचें? तें पहिल्या ओळींत होतें, आणि ती ओळ लागली नव्हती. येथें विद्यार्थ्यांस आमचें कळकळीचें सांगणें आहे. चार ओळींपैकीं तीन लागत नसतील, तर चवथीचा अर्थ ठामपणें सांगूं नये. ‘मला एवढेंच कळलें, बाकीचें कोणास तरी विचारूं या,’ असें म्हणण्यांत लाज नाहीं. औषधाच्या बाबतींत तर ती विचारपूस डॉक्टरांकडेच करावी. आणि पालकांसही विनंति कीं, मुलगा ‘मला नीट येत नाहीं’ असें म्हणाला, तर ‘मग इतकीं वर्षें शाळेंत काय केलेंस?’ असें त्यास विचारूं नये. त्या भयानेंच मुलें न कळलेलें कळलें म्हणून सांगतात.

जातां जातां एक गोष्ट पालकांपाशीं बोलावीशी वाटते. मुलास इंग्रजी शाळेंत घालतांना अनेकांच्या मनांत एक भीति असते, व ती कोणी कोणी आम्हांस बोलूनही दाखवितात: हा येथें शिकेल, पण मग आमचा राहील काय? आमच्यासारखें बोलेल, आमच्या ताटांत जेवेल, आजीच्या गोष्टी ऐकेल काय? वरील दोन लहान शब्दांनीं आम्हांस याचें उत्तर सांपडलें आहे. शाळेनें ‘चेंज ऑफ’ करूं नये. तुमचा मुलगा घेऊन त्याच्या जागीं दुसराच कोणी परत देऊं नये. शाळेचें काम ‘चेंज इन’ आहे. मुलगा तोच, घर तेंच, भाषा तीच. आंत मात्र समज वाढलेली, हात धीट झालेला, आणि न कळलें तें विचारण्याची लाज गेलेली.

तो नववींतला मुलगा पुढें शाळा सोडून गेला. निरोप घेण्यास आला तेव्हां बाबा बरोबर होते, आणि खोकत नव्हते. “सर,” तो हंसून म्हणाला, “आतां पांचवीच्या मुलांना चेंज म्हणजे काय सांगतां?” आम्हीं उत्तर दिलें, “आतां आधीं त्यांनाच विचारतों, कीं वाक्य कोणतें आहे?”